रोखलेल्या धोक्यांमागे काय होते? चाकण प्लांटमधील कारणशोधाच्या नोंदी

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

रोखल्या गेलेल्या धोक्यांचे मूळ कारण शोधण्याच्या या प्रकल्पाची नोंदवही आजपासून सुरू केली. आमच्या सुरक्षा कक्षात जो अलर्ट ‘रोखला’ अशा शेऱ्यासह येतो, तो कोणीही न उघडता आपोआप बंद होतो. हा नियम दोन वर्षांपूर्वी मीच लिहिला होता आणि त्या वेळी तो चुकीचाही नव्हता, कारण दिवसा दोन आणि रात्री एकच विश्लेषक असताना जे रोखले गेले नाही तिकडे आधी धावणे भागच होते. मात्र जुलैच्या मासिक अहवालात चाकण प्लांटच्या डिस्पॅच कार्यालयातील एकाच संगणकावर एकच मालवेअर ७४ वेळा रोखल्याची नोंद आहे, आणि आम्ही ती ७४ यशे म्हणून मोजली आहेत. दारात रोज तोच माणूस तीनदा पकडला जात असेल, तर तो आत येतो कुठून हे विचारायला हवे होते.

व्याप्ती आज ठरवली. इंटरनेटवरून फायरवॉलवर आदळणारे पोर्ट तपासणीचे प्रयत्न आणि मेल गेटवेवरच गळून पडणारी घाऊक फसवी पत्रे या शोधात घेणार नाही. त्यांचे कारण आमच्या हातात नाही आणि त्यांचा आकडाच इतका मोठा आहे की त्यात बाकी सगळे बुडून जाईल. जो धोका उंबरठ्यावर न अडता माजघरापर्यंत, म्हणजे एखाद्या कर्मचाऱ्याच्या संगणकापर्यंत किंवा सर्व्हरपर्यंत पोचला आणि तिथे रोखला गेला, तेवढाच घ्यायचा.

बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

यादी स्रोताच्या पत्त्यानुसार लावली. सर्वांत मोठा ढीग सर्व्हरवर रोखलेल्या एसएमबीच्या (विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याच्या पद्धतीच्या) जुन्या त्रुटीच्या वापराचा निघाला. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दुरुस्त केलेली आणि त्याच वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर मालवेअरने जगभर वापरलेली ती हीच त्रुटी. स्रोत अंतर्गत पत्ता असल्याचे पाहून क्षणभर धस्स झाले. तो पत्ता आमच्याच त्रुटी-तपासणी यंत्रणेचा होता. घरच्या पहारेकऱ्याने कड्या वाजवून पाहायच्या आणि आपण त्याला चोर म्हणून वहीत लिहायचे, असे कित्येक महिने चालले होते.

या पत्त्याला सरसकट सूट देण्याचा मोह टाळला. उद्या कोणी त्या यंत्रणेचाच ताबा घेतला तर ती सूट त्याच्याच उपयोगी पडेल, म्हणून ठरलेल्या तपासणीच्या वेळेपुरतीच सूट दिली. ढीग संपला.

शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५

डिस्पॅचच्या संगणकाचे ७४ अलर्ट एकाखाली एक मांडले. अलर्ट जिथे जमा होतात त्या कन्सोलवर वेळा साधारण ००.३७, ०८.३९ आणि १६.४१ अशा दिसत होत्या, म्हणजे दर आठ तासांनी. इतकी नियमितता पाहून मी दुपारपर्यंत शेड्यूल्ड टास्क, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणारे काम, शोधत बसलो. टास्क नव्हता, रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारातील, रन कळींतही (संगणक सुरू होताच काय चालवायचे ते जिथे लिहिलेले असते) काही नव्हते, स्टार्टअप फोल्डर रिकामा होता. जेवणानंतर कनिष्ठ विश्लेषकाने विचारले, “सर, कन्सोल यूटीसी दाखवतोय ना?” यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. साडेपाच तास मिळवले आणि वेळा झाल्या सकाळी ६.०७, दुपारी २.०९ आणि रात्री १०.११. या तर पाळी बदलण्याच्या वेळा. हे काम कुठला प्रोग्राम करत नव्हता, पाळीप्रमुख करत होते.

अलर्टच्या तपशिलात मार्ग ई ड्राइव्हचा आहे आणि फाइल शॉर्टकट प्रकारची. हा प्रकार जुना आहे: पेन ड्राइव्हवरील खरे फोल्डर लपवायचे आणि त्यांच्याच नावांचे शॉर्टकट समोर ठेवायचे, म्हणजे माणसाने फोल्डर समजून क्लिक केले की खरा फोल्डरही उघडतो आणि पाठीमागे स्क्रिप्टही चालते. आमच्या अँटिव्हायरसने दरवेळी शॉर्टकट काढून टाकला. नोंद तिथेच संपते आणि पेन ड्राइव्ह पुन्हा कुठे गेला हे ती सांगत नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

पहिल्या पाळीआधी चाकणला पोचलो. आम्ही वरच्या कार्यालयातून आलो म्हटल्यावर पाळीप्रमुख काका जरा आक्रसून बसले होते. “काका, कोणाचं नाव लिहून न्यायला आलो नाही, काम कसं चालतं ते बघायचंय,” असे सांगितल्यावर त्यांनी खणातून दोरी बांधलेला पेन ड्राइव्ह काढून दाखवला. त्यावर पांढऱ्या पट्टीवर ‘लेबल’ असे लिहिले होते. पाळी सुरू होताना लेबल छापण्याच्या यंत्राच्या संगणकावरून मागच्या पाळीची मोजणी घ्यायची, ती डिस्पॅचच्या संगणकावर उतरवायची, तिथून नव्या ऑर्डरची यादी घ्यायची आणि परत यंत्रावर न्यायची, असा त्याचा फेरा आहे. डिस्पॅचच्या संगणकावर तो स्वच्छ होतो आणि दहा मिनिटांनी लेबल यंत्रावर पुन्हा बाधित होतो. आमचा अँटिव्हायरस दिवसातून तीनदा हा पेन ड्राइव्ह धुऊन देत होता, इतकेच.

लेबल यंत्राच्या संगणकावर विंडोज ७ आहे, ज्याचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. यंत्र पुरवणाऱ्याने त्यावर दुसरे कुठलेही सॉफ्टवेअर टाकल्यास हमी रद्द होईल असे लेखी दिले असल्यामुळे त्यावर अँटिव्हायरस नाही. स्टार्टअप फोल्डरमध्ये अनोळखी नावाची एक व्हीबीएस स्क्रिप्ट सापडली. तिची प्रत आणि संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेतली. पाळी चालू असल्याने साफसफाई आज केली नाही.

जोडलेल्या पेन ड्राइव्हची नोंद ठेवणाऱ्या यूएसबीस्टोर या रजिस्ट्री कळीतून, डिस्पॅचच्या संगणकावर, पेन ड्राइव्हचा अनुक्रमांक घेतला. त्यातील दुसरे अक्षर अँपरसँड (&) आहे, म्हणजे तो क्रमांक पेन ड्राइव्हचा स्वतःचा नसून विंडोजने त्याला दिलेला आहे, आणि म्हणून दुसऱ्या संगणकावरील नोंदीशी निव्वळ या क्रमांकाने सांगड घालता येत नाही. स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये हे नेहमीचे आहे. उपकरणे बसवल्याची नोंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सेटअपएपीआय लॉगमध्ये मात्र तो पहिल्यांदा जोडल्याची नोंद स्थानिक वेळेत मिळाली: १८ नोव्हेंबर २०२४, सकाळी ६.१४. ही तारीख ओळखीची वाटते आहे. परतताना गाडीत आठवली नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

तारीख आठवली, आणि आठवली नसती तर बरे झाले असते असे वाटले. शनिवारी, १६ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री आम्ही चाकण प्लांटचे उत्पादन नेटवर्क कार्यालयीन नेटवर्कपासून वेगळे केले होते. तोपर्यंत लेबल यंत्र आणि डिस्पॅच यांच्यात एक सामायिक फोल्डर होता. तो बंद झाला; सोमवारी पहिल्या पाळीला पेन ड्राइव्ह आला. नेटवर्क वेगळे करणे योग्यच होते आणि आजही तेच करीन, पण त्या फोल्डरवरून रोज काय जाते-येते हे आम्ही खाली जाऊन कोणाला विचारले नव्हते. आमच्या बदलाच्या अर्जात ‘परिणाम होणारे विभाग’ या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले आहे आणि खाली माझी सही आहे.

लेबल यंत्राला बाधा नेमकी कुठून झाली, याचा पुरावा तितका पक्का नाही. त्याच्या डिस्कप्रतिमेत डिसेंबरमध्ये जोडलेल्या आणखी एका पेन ड्राइव्हची नोंद आहे आणि प्रवेशद्वाराच्या वहीनुसार त्या दिवशी दुरुस्तीसाठी बाहेरचा अभियंता आला होता. स्क्रिप्टची तारीखही त्याच दिवसाची आहे, परंतु त्या संगणकाचे घड्याळ आज ११ मिनिटे मागे आहे आणि तेव्हा किती मागे होते हे सांगता येत नाही. एवढे जुळते, यावरून कोणाला दोष देणार नाही.

आणखी एक उणीव इथेच हाती लागली. आमच्या एंडपॉइंट (कर्मचाऱ्यांच्या संगणकांच्या) कन्सोलवरील प्रक्रियांचा बारीक तपशील ३० दिवसांनी पुसला जातो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सर्व यंत्रणांचे लॉग १८० दिवस देशात जपायचे आहेत आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. सर्व्हरचे लॉग आम्ही जपतो. कन्सोलचा तपशील मात्र कोणाच्या ध्यानात आला नव्हता. आजच तो लॉग साठवणीकडे वळवण्याचे टिकीट काढले.

गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

दुपारी गुणवत्ता विभागाच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे बसलो होतो आणि या प्रकल्पाला हवी असलेली भाषा तिथे मिळाली. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या प्लांटमध्ये ग्राहकाची तक्रार आली की एट-डी अहवाल भरावा लागतो. फोर्डने १९८० च्या दशकात रूढ केलेल्या या पद्धतीतले आठ टप्पे इथल्या पर्यवेक्षकांना तोंडपाठ असतात. मी त्यांना आमचे अलर्ट दाखवले. मॅडमनी यादीवर नजर टाकून विचारले, “हे सगळं डी-थ्री आहे. तुमचा डी-फोर कुठे आहे?”

डी-३ म्हणजे तात्पुरता आवर: खराब माल वेगळा काढायचा, लाल पट्टी लावायची, ग्राहकाकडे जाऊ द्यायचा नाही. डी-४ म्हणजे मूळ कारण. लाल पट्टी लावून कोणी अहवाल बंद केला तर ग्राहक तो तोंडावर फेकतो. आम्ही मात्र दोन वर्षे नेमके तेच केले होते आणि त्याला यश म्हटले होते. त्यांच्या डी-४ मध्ये दोन वेगळी कारणे लिहावी लागतात: दोष घडला का, आणि घडल्यावर आधीच्या तपासणीतून सुटला का. आमच्या कामाला ही जोडी तंतोतंत लागू पडते. लेबलच्या प्रकरणात घडण्याचे कारण म्हणजे फाइल नेण्याची अधिकृत वाट न देता बंद केलेला फोल्डर, आणि सुटण्याचे कारण म्हणजे रोखलेला अलर्ट न उघडता बंद करणारा माझा नियम.

त्यांनी एक सावधगिरीही सांगितली, जी मी जशीच्या तशी नोंदवून ठेवतो. टोयोटाची ‘पाच वेळा का?’ विचारण्याची पद्धत घाईने वापरली की पाचवे उत्तर हटकून ‘कामगाराचे दुर्लक्ष’ असे येते. उत्तरात माणूस आला की आणखी एकदा ‘का?’ विचारायचे.

संध्याकाळी विभागप्रमुखांपुढे हे मांडले. जे अडले त्यावर एवढा वेळ कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. बैठकीत कोणीतरी अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीचे २०१३ चे उदाहरण दिले: तिथे मालवेअरचा अलर्ट वाजला, बंगळुरूतील सुरक्षा चमूने तो मिनीॲपोलिसला कळवला, पुढे काही हालचाल झाली नाही आणि सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील चोरीला गेला. उदाहरण परिणामकारक असले तरी इथे ते बसत नाही असे मी सांगितले, कारण तिथे धोका नुसता दिसला होता, रोखला गेला नव्हता. आमचे म्हणणे वेगळे आहे: अडलेल्या धोक्याने आपल्याकडची एक उघडी वाट दाखवली आहे, आणि त्याच वाटेने येणारी पुढची फाइल आपल्या अँटिव्हायरसच्या ओळखीची असेलच असे नाही. सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत मिळाली.

मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५

दुसरे प्रकरण खरेदी विभागातले. काल सकाळी एका संगणकावर पॉवरशेलचा (विंडोजला लेखी आदेश देण्याच्या साधनाचा) आदेश दोन मिनिटांत तीनदा रोखला गेला. आदेशाची जनक प्रक्रिया, म्हणजे तो ज्याने सुरू केला तो प्रोग्राम, एक्सप्लोरर (विंडोजचा डेस्कटॉप आणि फोल्डर दाखवणारा प्रोग्राम) होती. वर्ड, एक्सेल किंवा ब्राउझर नव्हे. म्हणजे आदेश कुठल्या जोडपत्रातून आला नसून माणसाच्या हातून टाइप झाला किंवा चिकटवला गेला. रन खिडकीत दिलेले आदेश विंडोज रन-एमआरयू या कळीत ठेवते. तिथे तो पूर्ण सापडला, आणि त्याच्या शेपटाला ‘मी यंत्रमानव नाही’ या अर्थाचा इंग्रजी मजकूर जोडलेला होता, जेणेकरून अरुंद खिडकीत चिकटवल्यावर तेवढाच भाग डोळ्यांसमोर राहावा. हा क्लिकफिक्स नावाने २०२४ पासून फोफावलेला प्रकार आहे.

संबंधित ताईंना भेटलो. व्हॉल्व्हच्या एका पुरवठादाराचे संकेतस्थळ उघडल्यावर पडताळणीची चौकट आली. चौकोनावर टिचकी मारताच पानाने आदेश गुपचूप क्लिपबोर्डवर ठेवला, आणि विंडोज कळ व आर, मग कंट्रोल व व्ही, मग एंटर अशा तीन पायऱ्या समोर आल्या. “त्यात लिहिलं होतं तसंच केलं. काही झालं नाही म्हणून परत केलं,” ताई म्हणाल्या. काही झाले नाही, कारण आमच्या साधनाने तो आदेश मुकाट्याने मारला होता. पडद्यावर एक ओळ जरी उमटली असती तरी त्या थांबल्या असत्या आणि कदाचित आम्हाला फोनही केला असता.

ब्राउझरच्या इतिहासाच्या नोंदी तपासल्या. क्रोम वेळ १ जानेवारी १६०१ पासूनच्या मायक्रोसेकंदांत लिहितो, ती रूपांतरित करून अलर्टशी जुळवली; संकेतस्थळ उघडल्यापासून पहिला आदेश रोखला जाईपर्यंत एक मिनिटही गेले नव्हते.

गुरुवार, २१ ऑगस्ट २०२५

कालपासून महत्त्वाचे काम एकच केले: हीच गोष्ट जिथे रोखली गेली नाही असे ठिकाण आहे का, हे शोधणे. कार्यालयातून उघडलेल्या संकेतस्थळांची नोंद ठेवणाऱ्या प्रॉक्सीच्या लॉगनुसार तेच पान आमच्या आणखी चार संगणकांवरून उघडले गेले होते. तिघांवर संरक्षण साधन चालू होते आणि कसलाही आदेश चाललेला नव्हता. चौथ्यावरील साधनाने जुलैपासून कन्सोलला खबरच दिलेली नव्हती. तो लॅपटॉप ताब्यात घेऊन रन-एमआरयू, प्रीफेच (चाललेल्या प्रोग्रामची विंडोजने ठेवलेली खूण) आणि पॉवरशेलचे लॉग पाहिले. रन-एमआरयू पुसता येते, त्यामुळे ती एकटी रिकामी असणे पुरेसे मानले नाही. बाकीच्या दोन्ही ठिकाणीही काही निघाले नाही. त्या दिवशी त्या सहकाऱ्याने चौकट पाहून पान बंद केले होते. त्याने काय टाळले हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता.

कारणे लिहिताना ‘प्रशिक्षणाचा अभाव’ असे लिहिणार होतो. गुणवत्ता विभागाच्या मॅडमची आठवण झाली आणि आणखी एकदा ‘का?’ विचारले. ताईंनी मार्चमधील प्रशिक्षण पूर्ण केले होते. त्यात अनोळखी दुवे आणि जोडपत्रे यांवर तासभर होता, चिकटवण्यावर एक वाक्यही नव्हते, आणि इथे संकेतस्थळ ओळखीचे होते. शिवाय खरेदी विभागाला पॉवरशेलचे काय काम? ते सर्वांना खुले ठेवण्याचे एकमेव कारण म्हणजे आम्ही ते कधी बंद केले नव्हते. रन खिडकी बंद करण्याचा प्रस्ताव आला, तो स्वीकारला, पण त्यावर विसंबणार नाही. फाइल एक्सप्लोररच्या पत्तापट्टीत आदेश चिकटवायला लावणारा त्याचा भाऊ यंदाच्या जूनमध्येच उघड झाला आहे. कार्यालयीन खात्यांसाठी पॉवरशेलच मर्यादित करणे हा खरा बदल. पुरवठादाराला फोनवरून कळवले.

शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

लेखा विभागातील रोखलेली स्क्रिप्ट. पासवर्ड लावलेली झिप मेलमधून आली होती, म्हणून गेटवेला आत डोकावता आले नाही. डाउनलोड झालेल्या झिपवर इंटरनेटवरून आल्याची खूण होती, बाहेर काढलेल्या फाइलवर ती नव्हती, आणि म्हणून विंडोजने उघडताना इशारा दिला नाही. आम्ही झिप उघडायला वापरत असलेला सेव्हन-झिप हा प्रोग्राम ही खूण आतील फाइलवर उतरवू शकते, पण मुळात ती सोय बंद असते आणि आमच्या सर्व संगणकांवर तशीच राहिली होती. एक सेटिंग धोरणातून बदलले. तासाभराचे काम.

बुधवार, २७ ऑगस्ट २०२५

गणेश चतुर्थी. लाइन बंद असण्याचा दिवस जवळपास एवढाच, म्हणून घरची प्रतिष्ठापना पहाटे उरकून चाकणला आलो. लेबल यंत्राचा संगणक बूट होणाऱ्या डिस्कवरून तपासला, स्क्रिप्ट काढली, पुरवठादाराच्या लेखी संमतीने ऑटोरन बंद केले आणि घड्याळ जुळवले. दोन्ही नेटवर्कच्या मध्ये एक संगणक बसवला. तो लेबल यंत्राकडून मोजणीची आणि डिस्पॅचकडून ऑर्डरची फाइल दर दहा मिनिटांनी उचलतो, फक्त साध्या मजकुराच्या फाइल पुढे सोडतो आणि बाकी सर्व नाकारतो. विंडोज ७ ला एसएमबीची दुसरी आवृत्ती बोलता येते, त्यामुळे पहिली सुरू करावी लागली नाही. डिस्पॅचच्या संगणकावर यूएसबी साठवण बंद केली. ‘लेबल’ पेन ड्राइव्ह पाकिटात घालून सही-शिक्क्यासह कपाटात ठेवला.

सोमवार, १ सप्टेंबर २०२५

गुरुवारपासून डिस्पॅचच्या संगणकावर शॉर्टकटचा एकही अलर्ट नाही. आपोआप बंद करण्याचा नियम आज बदलला: अंतर्गत संगणकावर रोखलेला धोका त्याच यंत्रावर सात दिवसांत दुसऱ्यांदा दिसला, किंवा जनक प्रक्रिया एक्सप्लोरर असली, तर टिकीट उघडे राहील, आणि ते बंद करताना ‘का घडले’ व ‘आधी का सुटले’ हे दोन रकाने रिकामे ठेवता येणार नाहीत. रात्रपाळीच्या विश्लेषकाने काम वाढेल अशी तक्रार केली आणि ती खरी आहे.

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

रविवारी रात्री १०.१९ वाजता डिस्पॅचच्या संगणकावर यूएसबी रोखल्याचा अलर्ट आला. पेन ड्राइव्ह नवा होता. जुन्या नियमाने तो आपोआप बंद झाला असता. विश्लेषकाने प्लांटला फोन लावला तेव्हा पाळीप्रमुख म्हणाले, “साहेब, फाइल येईचना, मग काय करणार?” संध्याकाळी वीज गेली होती आणि मधला संगणक पुन्हा सुरू झाला होता. फाइल उचलणारे शेड्यूल्ड काम वापरकर्ता लॉग-ऑन असतानाच चालेल अशा रीतीने मी लावले होते, आणि पुन्हा सुरू झाल्यावर लॉग-ऑन करायला तिथे कोणी नव्हते. ते लॉग-ऑन नसतानाही चालेल असे बदलले, संगणकाला यूपीएस दिला, आणि वीस मिनिटे फाइल हलली नाही तर आम्हाला अलर्ट यावा अशी सोय केली. टिकिटाच्या ‘का घडले’ या रकान्यात माझे सेटिंग लिहून ते बंद केले.